कँटीनचं टेबल घरी आलं

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी टेबल आहे. त्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता शालिग्रामजींनी ओल्या फडक्याने मला पुसलं, लेकीसमोर पोह्यांची बशी ठेवली आणि पेपर घेऊन समोर बसले. अवंतिकाने लॅपटॉपमधून मान वर केली नाही. रोजचंच होतं. ही शालिग्रामजींची शेवटची सकाळ आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझा जन्म ओमती मोहल्ल्यातल्या एका सुताराकडे झाला. आम्ही सहा भावंडं. शालिग्रामजींनी आम्हाला राइट टाउनमधल्या आपल्या कँटीनमध्ये मांडलं. समोर चार मजली ऑफिस होतं. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी वरण-भात. एका टेबलावर एकटा माणूस जेवलेला त्यांना खपत नसे. "भैया, जरा सरको," म्हणत ते परक्यांना शेजारी बसवत. माझ्यावर दोन लग्नं जुळली. लोक पोह्यांची तारीफ करत आणि मीही थोडं फुगत असे.

मग ऑफिसातली माणसं घरून काम करू लागली. काही महिन्यांचा प्रश्न आहे म्हणाले. नंतर ऑफिसच रिकामं झालं. कँटीन बंद पडलं. भावंडं जळणात गेली. मला तेवढं विजय नगरच्या घरी आणलं आणि अवंतिका माझ्यावरच लॅपटॉप ठेवून घरून काम करू लागली. याहून मोठी थट्टा माझ्या वाट्याला आली नाही.

त्या सकाळी पेपरात लेख होता: घरून काम करणाऱ्यांकडून जादा कर घ्यावा का?

"बरोबर लिहून राहिला हा," शालिग्रामजी म्हणाले. "लागलाच पाहिजे टॅक्स."

"काहून, बाबा? वीज माझी, इंटरनेट माझं. मी कोणाचं काय खाल्लं?"

"तेच तर! कोणाचं काही खाल्लंच नाही तुम्ही. ना चहा, ना पोहे. ऑटोवाला बिचारा वाट बघून राहिला."

"मग तुमचे पोहे खपावे म्हणून मी रोज ऑफिसात जाऊ?"

"पायजम्यात नोकरी! आराम आहे बेटा तुम्हा लोकांचा."

अवंतिकाने हेडफोन लावला.

मला मात्र माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी शालिग्रामजींना हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्याच महिन्यात तिच्या कंपनीने सगळ्यांना पुण्याला बोलावलं. जाणाऱ्यांना बढती होती. माझ्यावर कोपर टेकून ती फोनवर म्हणाली, "नहीं सर, मैं घर से ही काम करूँगी. पापा अकेले हैं." वडिलांना आपण लेकीवर ओझं आहोत असं वाटेल म्हणून तिने ते कधी सांगितलं नाही. आणि लाकडाला तोंड नसतं.

दुपारी शालिग्रामजी जेवून झोपले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर, दिवसकार्याला आलेल्या पुष्पाकाकू निघताना म्हणाल्या, "चलो, तुझं बरं आहे. घरूनच काम. सुट्टीपण घ्यावी लागली नाही जास्त." अवंतिकाने त्यांची पिशवी ऑटोत ठेवून दिली.

आता मला कुणी पुसत नाही. चहाचे डाग चिकट झालेत. मित्रांनो, आमच्यासारख्यांनी आत्मकथेच्या शेवटी वस्तू जपा म्हणून विनवायचं असतं. मी विनवणार नाही. लाकूड वर्षानुवर्षं धूळ सोसतं. माणसाला सांगायचं ते मात्र त्याच सकाळी सांगा.

काल संध्याकाळी अवंतिकाने लॅपटॉप मिटला आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली,

"लावा टॅक्स, बाबा. पण आरामासाठी नव्हते बसले मी घरात. तुम्हाला सोडून जाववत नव्हतं मला."