धरणाच्या पोटातली काकडी

डोंगर अकरा दिवस वणव्यानं धुमसत होता आणि धरणाचं पाणी रोज मागं सरत होतं. दोन्हींवर गावाचं बारीक लक्ष होतं. लक्ष ठेवण्यापलीकडं कुणी काही करत नव्हतं.

केलं ते एकट्या काकडीवालीनं. पाणी हटलं तशी उघड्या पडलेल्या गाळात तिनं काकडी लावली, भोवती काटेरी कुंपण घातलं. सगळा मुलूख करपलेला आणि हिचं तेवढं हिरवंगार. गावाच्या डोळ्यांत धुरापेक्षा तेच जास्त चुरचुरायचं.

"दुष्काळ मानवला हो वहिनी तुम्हाला," धाकटा दीर म्हणायचा. तो गावची गुरं राखायचा.

"तुमची गुरं आवरा आधी. कुंपणाशी उभं राहून लाळ गाळतात, राखणदारासारखी."

परवा तोडणी होती. त्या तोडणीवर लेकीचं कॉलेज उभं होतं, म्हणून ती दिवसातून चारदा वेल चाळून यायची.

त्या दुपारी वारा फिरला. डोंगरावरचा धूर गावाच्या अंगावर आला, धुरामागून जाळ आला. दीर सत्तर गुरं हाकत धरणात उतरला आणि कुंपणाशी अडला. मागं वाळलेलं गवत. डावीकडं कडा, उजवीकडं गुडघाभर दलदल. पाण्यापर्यंत जायला घट्ट वाट एकच, काकडीतून.

काकडीवाली आत वेलांतच होती. तो कुंपणावरून तिच्याकडं बघायला लागला.

तिनं एकदा वेलांकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी काट्यांची फांदी ओढली.

"बघता काय? लावा हात!"

"वहिनी, कडेकडेनं नेतो..."

"हो, आणि चपला बाहेर काढून या म्हणावं त्यांना! हाका आधी!"

गुरं पाण्यात शिरली. जाळ गवतापर्यंत आला, गवत खाऊन ओल्या गाळाशी विझला. धोका टळल्यावर गुरांना भूक आठवली. तुडवायचं राहिलं होतं ते खाल्लं. सत्तर गुरांनी अर्ध्या तासात तोडणी उरकली.

संध्याकाळी पारावर गाव जमलं. "वाऱ्यानं वाचवलं बरं," पुढारी म्हणाले. माना डोलल्या. दीर तेवढा जमिनीकडं बघत होता.

काकडीवाली उठली. तिच्या हातांना फडकी बांधलेली होती.

"वाऱ्याला सांगा, उद्या कुदळ घेऊन ये. नाही जमलं त्याला, तर ज्यांची गुरं त्यांनी यावं. बी आहे माझ्याकडं."

सकाळी नऊ जण आले. पुढाऱ्यांनी गडी पाठवला. पाणी आणखी खाली गेलं होतं, नवा गाळ उघडा पडला होता. डोंगर अजून धुमसतच होता. दीर सगळ्यांच्या आधी येऊन आळी खणत होता.

"वहिनी, काकडी धरायला दीड महिना. त्याच्या आत पाऊस आला तर?"

"तर गाव तरेल, मी बुडेन," ती म्हणाली. "तुम्ही खणा."