पोटात अक्षता घेऊन फिरणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. ज्याच्याखाली तुम्ही दुपारी पाय पसरून झोपता, तो छताचा पंखा नव्हे. मी तळहाताएवढा आहे आणि कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला बसतो. आतली गरम हवा बाहेर फेकणं हे माझं काम. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलेलंही नसेल. माणसाला घरातली वस्तू दिसते ती बिघडल्यावर, आणि तेव्हाही तो तिला आधी एक थापड मारतो.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात आलो आणि एका वापरलेल्या कॉम्प्युटरला जोडला जाऊन लालबागच्या चाळीतल्या जयवंतांच्या खोलीत पोहोचलो. जयवंत हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करतात. दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. त्यांची मुलगी अनुजा तेव्हा दहावीला होती. तिच्यासाठी हा डबा आणला आणि पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला.

पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. "बघा, चालू आहे की बंद ते कळतसुद्धा नाही," असं जयवंत आल्यागेल्याला सांगायचे. अनुजाची आई शांता, तिने डब्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. त्याची झालर नेमकी माझ्या जाळीवर लोंबायची. नाकावर झालर सोडून हे लोक स्वतः कधी बसलेले मी पाहिले नाहीत.

आणि खंडेनवमी. जयवंतांचे वडील, तात्या, गिरणीत मागावर होते, त्यामुळे त्या दिवशी घरातल्या यंत्रांची पूजा व्हायलाच हवी. शिलाई मशीन, मिक्सर आणि आम्ही. डब्याला झेंडूची माळ, वर हळदकुंकू, मग कुंकवात भिजवलेल्या अक्षता. जयवंत भक्तिभावाने डोळे मिटून अक्षता टाकायचे आणि मिटल्या डोळ्यांनीही त्यांचा नेम माझ्या जाळीवरच लागायचा. दरवर्षी. मग सगळे हात जोडायचे, पेढा खायचे आणि पुढची खंडेनवमी येईपर्यंत माझ्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. वर्षातून एकदा देव आणि उरलेले दिवस उकिरडा, ही या घराची भक्ती.

धूळ साचली. हळद दमटपणाने पात्यांना चिकटली. अक्षता पात्यांवर टकटक वाजू लागल्या. मी घरघरू लागलो आणि खालची रिकामी ट्रंक माझ्याबरोबर घुमू लागली. जयवंत आता म्हणायचे, "म्हातारा झाला." मी म्हातारा नव्हतो, मी घाण होतो. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या घरात मी दिवस काढत होतो.

अनुजाचं कॉलेज संपलं. तिचा आवाज चांगला आहे, हे मलाही कबूल करावं लागतं. मुलांसाठी गोष्टी वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका संस्थेकडे तिने नमुना पाठवला. दुपारी चाळ झोपली की माईक कॉम्प्युटरला लावायचा आणि वाचायचं. संस्थेचं उत्तर आलं: आवाज आवडला, पण मागे गिरणी चालू आहे का? दसऱ्यापर्यंत स्वच्छ नमुना आला तर काम तुमचं, नाहीतर दुसऱ्या मुलीला देऊ.

अनुजाचं तोंड उतरलं. हे तिचं पहिलंच काम ठरणार होतं.

"नवीन पंखा घेऊया का?" तिने विचारलं.

"गणपतीत गावाला जाऊन आलो ना गो," शांता म्हणाली. "आता दिवाळीपर्यंत काय मागू नको."

तेवढ्यात गॅलरीतून विकास डोकावला. हा शेजारी. याला सगळ्यातलं सगळं येतं. त्याने आधी डब्याला दोन थापडा मारल्या.

"सिंपल आहे. गोधडी गुंडाळ. आवाज आतल्या आत राहील."

"गरम नाही होणार?" अनुजाने विचारलं.

"अगं, मशीन आहे ते. त्याला काय थंडी आणि काय गरमी."

मित्रांनो, या माणसाच्या नाकातोंडावर गोधडी दाबली असती तर त्याने श्वास हळू घेतला असता की जोरात? पण एवढा विचार करायला डोकं लागतं, आणि विकासकडे फक्त सल्ले आहेत. मी गोधडीत जिवाच्या आकांताने फिरलो, आवाज आणखी वाढला, आणि गोष्ट शेवटच्या पानावर आलेली असताना कॉम्प्युटर तापून बंद पडला. वाचलेलं सगळं गेलं.

"व्हायरस असेल," विकास म्हणाला आणि चहा प्यायला घरी गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा.  अनुजाने तेव्हाच बटण बंद केलं, वायर काढली आणि स्क्रू ड्रायव्हर आणला. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं.

तिने खाली वर्तमानपत्र पसरलं, एका बोटाने माझी पाती धरून ठेवली आणि बाबांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने मला झाडलं. धुळीचे पुंजके पडले. झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या पडल्या. मग लाल तांदूळ, एकामागोमाग एक.

जयवंत कामावरून आले ते दारातच थांबले. वाकून त्यांनी एक दाणा उचलला.

"या माझ्याच अक्षता," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही रागावू नका, पण..."

"नाही गं." ते खाली बसले. "तात्या सांगायचे, पूजेच्या आदल्या पाळीत गिरणीतलं अख्खं खातं माग पुसायचं, तेल घालायचं. मगच हळद लागायची. आम्ही फक्त हळद लक्षात ठेवली."

मी ऐकत होतो. शहाणपण घरातच होतं आणि यांनी ते नेमकं अर्धं उचललं होतं.

मग बापलेक कामाला लागले. माझ्या पाठीवरचा स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. तुटलेल्या स्लिपरचं रबर कापून त्याचे तुकडे मी आणि पत्रा यांच्या मध्ये बसवले. ट्रंकेवरून डबा उतरवून लाकडी पाटावर ठेवला, खाली जुनं पायपुसणं घातलं. शांताने रुमाल स्वतःच काढून घेतला. "मिक्सरला घालीन," म्हणाली. मिक्सरची मला कीव आली.

खंडेनवमीला जयवंत ताट घेऊन आले. सवयीने मूठ वर गेली. अनुजाने जाळीवर तळहात ठेवला. जयवंतांनी मूठ पुन्हा ताटात सोडली, डबा फडक्याने पुसला आणि झाकणावर कुंकवाचं एकच बोट टेकवलं. दुपारी अनुजाने गोष्ट वाचली आणि संस्थेला पाठवली. मी फिरत होतो, पण माईकला माझा पत्ता लागला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तर आलं. अनुजाने मोठ्याने वाचलं, "आता गिरणी बंद झालेली दिसते. काम तुम्हाला दिलं आहे."

जयवंतांनी ते तिला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "गिरणी बंद झाली म्हणून लालबागमध्ये कुणाला काम मिळालं, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय." आणि तिघंही हसत सुटली.

मित्रांनो, मी हसलो नाही. या लोकांविषयी माझं मत एका ब्रशने बदलणार नाही. तुमच्या घरातही माझा कुणी भाऊबंद घरघरत असेल. त्याला थापड मारू नका, त्याच्यावर गोधडी टाकू नका. मोठ्या माणसाला सोबत घ्या, वायर काढा, झाकण उघडा आणि आत काय साठलंय ते पाहा. हात मग जोडा. आधी त्या हातात फडकं घ्या.