थंड पडलेला बोर्ड

अंगणात सगळी इमारत जमली होती. मधोमध बाबा उभा, निळ्या कफनीत, हातात चिमटा आणि चिमट्यात रुमालाएवढं कापड. त्यानं ते तांब्यातल्या ‘तीर्था’त बुडवलं, पिळलं आणि काडी लावली. कापडाभोवती भपकन ज्वाला उठल्या. बायका मागे सरकल्या. आग विझली तेव्हा कापड जसंच्या तसं होतं, धागासुद्धा काळा नाही.

“अग्नी म्हणजे माझा धाकटा भाऊ,” बाबा म्हणाला. “मी डोळे वटारले की गप्प बसतो.”

लोकांनी हात जोडले. मी वायरिंगची कामं करते, त्यामुळे माझे हात खिशातच राहिले. त्या इमारतीतले बोर्ड जुने होते आणि घरोघरी यंत्रं वाढली होती. गेल्या वर्षभरात दोन घरांत ठिणग्या उडाल्या होत्या, तेव्हापासून लोक घाबरलेलेच होते.

“ओव्हरलोड, ओव्हरलोड म्हणतात,” बाबा पुढे म्हणाला. “ओव्हरलोड म्हणजे काय? माणसाचा अहंकार. तो वायरीतून वाहतो.”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातला बोर्ड बाबानं दहा जणांना हात लावून पाहायला लावला. चांगलाच तापला होता. बाबानं त्यावर निळं कापड बांधलं आणि आठ दिवसांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. ड्रायर, गीझर, सगळं चालू असताना बोर्ड थंडगार. खात्री करून द्यायला बाबाच्या शेजारी खुर्चीवर मास्तर बसले होते.

मास्तर म्हणजे माझे गुरू. मुलीला शिडीवर चढवायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा त्यांनी माझ्या हातात टेस्टर दिला. चाळीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ते उठले, बोर्डाला तळहात लावला आणि म्हणाले, “थंड आहे. त्या दिवशी नव्हता.”

त्या संध्याकाळी घरोघरी निळी कापडं बांधली गेली.

माझी ताई दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करते. तिची इस्त्री, मशीन आणि फ्रिज एकाच प्लगवर, आणि बोर्डाखाली कपड्यांचे गठ्ठे. मी तिला म्हटलं, “ताई, हा बोर्ड बदलू या. मी उद्याच येते.”

“कापड बांधलंय ना.”

“कापडानं वायर सुधारते का गं?”

“मास्तरांनी स्वतः हात लावून सांगितलंय. तुला जास्त कळतं का त्यांच्यापेक्षा?”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, मास्तर म्हणतात म्हणजे काहीतरी असेल. मी उद्याचं परवावर टाकत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता ताईच्या बोर्डानं पेट घेतला. निळं कापड आधी पेटलं आणि जळत गठ्ठ्यांवर पडलं. शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावली. मी तेव्हा खालच्याच दुकानात काम करत होते. ओरडा ऐकून आधी इमारतीचा मेन स्विच पाडला, मग जिन्याकडे पळाले. मेन बंद होण्याआधी शेजारणीनं पाणी मारलं असतं, तर शॉक बसून ती जागीच गेली असती. ताई धुरात गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. ग्राहकाचा कोट वाचवायला गेली म्हणून तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

तिला दवाखान्यात पोचवून मी परत आले, ती थेट न्हाव्याकडे. मेन बंद करून त्याच्या बोर्डाचं झाकण उघडलं. आत वायरीची टोकं नव्यानं सोललेली, स्क्रू घट्ट आवळलेले. आणि काळ्या टेपचं शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं. तशी टेप या भागात दोघंच लावतात. एक मी, आणि दुसरे, ज्यांनी मला शिकवलं ते.

“मास्तर येऊन गेले होते का?” मी न्हाव्याला विचारलं.

“हो, बाबानं दुसऱ्यांदा सगळ्यांना बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी. पूजेआधी तपासणी म्हणाले. कोणाला बोलू नकोस म्हणाले.”

सैल स्क्रूमुळे बोर्ड तापत होता. तो आवळला की थंड होणारच. चमत्कार एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बाबा आदल्या संध्याकाळीच रिक्षात बसून निघून गेला होता. मी अर्धं पाणी आणि अर्धं स्पिरिट एकत्र केलं, त्यात कापड बुडवून पेटवलं. ज्वाला उठल्या, विझल्या, कापड शाबूत.

“स्पिरिट जळतं, पाण्यामुळे कापड वाचतं,” मी सांगितलं. “घरी करून बघू नका. मंत्रबिंत काही नाही.” मग न्हाव्याचा बोर्ड उघडून दाखवला.

मास्तर मागे उभे होते. लोक त्यांच्याकडे वळले.

“वीस वर्षं सांगतोय बोर्ड तपासून घ्या,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “कोणी दार उघडलं नाही. या बाबाच्या नावानं उघडलं. मला वाटलं, निदान एक तरी बोर्ड नीट होईल.”

“आणि बाकीच्यांचे?” मी विचारलं. “मास्तर, ताईचा स्क्रू का नाही आवळलात?”

त्यांनी घरोघरी उघडपणे स्क्रू आवळले असते, तर कापडाचं नाव झालं नसतं, आणि त्यांची ती खुर्चीही राहिली नसती. हे त्यांना कळत होतं, मलाही.

बाबाचा मला फारसा राग आला नाही. तो परका माणूस. माझी ताई भाजली ती माझ्या गुरूच्या शब्दावर. त्यांच्या शब्दावर मीही चार दिवस गप्प बसले होते.

त्या आठवड्यात मी सगळी घरं तपासली. तीन बोर्ड आतून काळे पडले होते. मास्तर एकदा टॉर्च घेऊन आले. मी म्हटलं, “आज नको.” ते जिना उतरून गेले.

आता घरोघरी एवढंच सांगते. बोर्ड गरम लागला, जळका वास आला, तर मेन बंद करा आणि कारागीर बोलवा. एका प्लगवर तीन यंत्रं लावू नका. बोर्डाजवळ कपडे ठेवू नका. विजेच्या आगीवर पाणी मारू नका. धूर झाला तर खाली वाकून बाहेर पडा, वस्तू राहू द्या. आणि कोणी म्हणालं की सगळं ठीक आहे, तर त्याला झाकण उघडून दाखवायला सांगा. कितीही जवळचा असला तरी सांगा. मी म्हणाले तर मलाही सांगा.