गाडीखालचा पोचा

ताडकळसच्या बसस्टँडसमोर सूर्यभान खिल्लारेचं गॅरेज आहे. बत्तीस वर्षं त्यानं जीपा, टेम्पो आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. इंजिनाचा आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा आणि ते बहुतेक खरं निघायचं. त्यामुळे "मला हे येत नाही" असं म्हणायची सवय त्याला कधी लागलीच नाही.

राजेश्रीबाईंनी बॅटरीवरची गाडी घेतली तेव्हा गावातली ती पहिलीच होती. बाई चुडाव्याच्या शाळेत शिकवायच्या. नवरा हरिओम लातूरला बँकेत होता, महिन्यातून दोनदा यायचा. घरी त्या आणि सासरे आश्रुबा असे दोघंच. आश्रुबा आणि सूर्यभान लहानपणापासूनचे दोस्त.

गाडी बाई चालवायच्या, पण सांभाळायचे आश्रुबा. गाडी देणाऱ्या माणसानं जे जे सांगितलं ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. चार्जिंग रोजच्यापुरतं ऐंशी टक्क्यांवर थांबवायचं. गाडी उन्हात तापून आली की लगेच वायर लावायची नाही, आधी थंड होऊ द्यायची. दर सोमवारी चाकातली हवा बघायची. नारिंगी रंगाच्या वायरांना हात लावायचा नाही. पडवीतला मोठा प्लग त्यांनी परभणीहून वायरमन आणून, अर्थिंग घालून बसवून घेतला होता. सकाळी फडक्यानं गाडी पुसताना ते दारावरून दुकानाकडं निघालेल्या सूर्यभानला हाक मारून म्हणायचे, "बघ रे, ना ऑइल, ना धूर. तुझं दुकान बंद पाडती का न्हाई बघ ही."

"चाकं तर हायत ना तिला," सूर्यभान म्हणायचा. "चाकं हायत तवर माझ्याकडं यावंच लागंल."

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती आलीच. शाळेला जाताना बाईंच्या गाडीच्या मागच्या चाकात खिळा रुतला होता, तोही आतल्या बाजूनं, त्यामुळे चाक काढणं भाग होतं.

"काका, कंपनीच्या माणसाला बोलावू का?" बाईंनी विचारलं. "हिला जॅक लावायची जागा वेगळी असते म्हणतात. पुस्तकात दिलंय."

"पंक्चरला कंपनीचा माणूस कशाला बाई? तुमी चहा घ्या तवर."

सूर्यभाननं गाडीखाली वाकून पाहिलं. जीपखाली दिसतं तसं काहीच दिसत नव्हतं. इकडून तिकडं एकच सपाट पत्रा होता. दाराखालच्या पट्टीला जॅकसाठी खाचा होत्या, पण त्या त्याला नाजूक वाटल्या. त्यानं जॅक हातभर आत सरकवला आणि दांडा हाणायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या दांड्याला गाडी उचलली न जाता पत्राच आत गेला. कुरकुर असा आवाज झाला. त्यानं झटकन जॅक उतरवला, खाचेखाली लावला, चाक काढलं, पंक्चर जोडलं.

चाक बसवल्यावर त्यानं खाली झोपून टॉर्च मारून बघितलं. बशीएवढा पोचा पडला होता. वर बाई पर्स उघडून उभ्या होत्या.

"झालं का काका?"

"झालं," सूर्यभान म्हणाला. "जावा आता."

दुपारी मात्र त्याला जेवण गेलं नाही. महारुद्र नावाचा एक जण पूर्वी त्याच्याकडं काम शिकला होता. आता तो परभणीत याच गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. तो जायला निघाला तेव्हा सूर्यभाननं चार माणसांत त्याची टिंगल केली होती, की खेळण्यातल्या मोटारी दुरुस्त करायला चाललाय म्हणून. तरी त्यानं महारुद्रला फोन लावला.

"एक इचारायचं व्हतं. समज, एखाद्याच्या गाडीखालचा पत्रा दबला. काय व्हतं त्यानं?"

"बॅटरीचा पत्रा का उस्ताद?"

"तोच असंल."

"मग ती गाडी चार्जिंगला लावू नका म्हणा. घरापासून लांब, मोकळ्या जागेत उभी करायची आन् कंपनीला कळवायचं. त्येंची माणसं उचलून नेतेत. आतला एखादा सेल चेपला असला तर लगेच काय दिसत न्हाई. गाडी आठ दिवस, पंधरा दिवस बेस चालती. मग कव्हातरी चार्जिंगमधी तापती, आन् एकदा पेटली की इझत न्हाई लवकर. कोणाची गाडी हाय?"

"हाय एकाची. तिकडली," सूर्यभान म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन सांगायचं असं त्यानं ठरवलं. घरापर्यंत गेलाही. अंगणात आश्रुबा गाडीच्या काचा पुसत होते. सूर्यभानला पाहून म्हणाले, "झटक्यात केलंस म्हणं काम. बाई लय तारीफ करायलती." सूर्यभान ओट्यावर टेकला, पाणी प्यायला आणि घरी परतला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुकानासमोरून गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. रोज गाडी धडधाकट जाताना दिसली की त्याला वाटायचं, काही होत नाही. महारुद्रला काय, पुस्तकातलं बोलायची सवय. असं करत आठवडा गेला.

आठव्या दिवशी बाईंनी दुकानासमोर गाडी थांबवली. "काका, काल समोरच्या पडद्यावर काहीतरी सूचना आली होती. बॅटरी तपासून घ्या अशी. आणि आपोआप गेली. काय असेल?"

सूर्यभाननं हात पुसले. तोंडाशी आलं होतं. रस्त्यावर तीन-चार ओळखीची माणसं उभी होती.

"दाखवून घ्या कव्हातरी परभणीला," तो म्हणाला.

"दिवाळीच्या सुट्टीत नेते. आता परीक्षा चालू आहेत."

"चालतंय," सूर्यभान म्हणाला.

पुढं कित्येक महिने हा शब्द त्याच्या कानात घुमत राहिला.

त्यानंतरचा शनिवार. शाळा सकाळची होती, बाई दुपारी बारालाच घरी आल्या. अंगणात सोयाबीन वाळत टाकलं होतं, म्हणून त्यांनी गाडी पडवीपासून लांब, कडब्याच्या बाजूला लावली. तिथवर चार्जिंगची वायर पुरेना. आश्रुबांनी गाडी तासभर थंड होऊ दिली आणि मग घरातली लांब वायरीची फळी, म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड, आणून जोडली. तशी वायर वापरायची नसते हे त्यांना ठाऊक होतं. एक दिवसानं काय होतंय, असं ते सुनेला म्हणाले. बाई थकल्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत.

तीनच्या सुमाराला आश्रुबा बाजेवर पडले होते. भट्टीत फुटाणे तडतडावेत तसा आवाज त्यांना आला. उठून पाहतात तर गाडीखालून पांढरा धूर निघत होता. त्यांनी धावत जाऊन प्लग ओढला. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण कडबा शेजारीच होता आणि गाडी सुनेची होती. गाडी ढकलावी म्हणून त्यांनी दाराला हात घातला आणि त्याच वेळी खालून जाळाचा लोळ आडवा बाहेर आला.

आरडाओरडा ऐकून सूर्यभान पळत आला तेव्हा आश्रुबा जमिनीवर पडले होते आणि लोक बादल्या घेऊन गाडीकडं धावत होते. सूर्यभाननं आश्रुबांना ओढत बाहेर काढलं आणि लोकांना अडवलं. "जवळ जाऊ नका. इख हाय त्या धुरात. बादल्यानं इझत न्हाई ती. कडबा हलवा आन् बंबाला फोन लावा." पूर्णेहून अग्निशामक बंब येईपर्यंत गाडीचा सांगाडा उरला होता. बंबवाल्यांनी दीड तास पाणी मारलं, सांगाडा मोकळ्या माळावर ओढून नेला, तरी दुसऱ्या सकाळी तो पुन्हा धुमसायला लागला. पुन्हा बंब आला.

सूर्यभान होता म्हणून माणसं वाचली, असं गाव म्हणू लागलं. त्याला एवढी माहिती कशी, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आश्रुबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, छातीत धूर गेला होता. परभणीच्या दवाखान्यात त्यांना अठरा दिवस ठेवलं. सूर्यभान रोज दुपारी दुकान बंद करायचा आणि पार्वतीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, केलेला डबा घेऊन बसनं जायचा. आश्रुबांना घास भरवायचा.

तिथंच विम्याचा माणूस चौकशीला आला. त्यानं चार्जिंग कुठून लावलं होतं ते विचारलं. आश्रुबांनी लपवलं नाही. लांब वायरीची फळी लावली होती, मीच लावली, म्हणाले. त्या माणसानं ते लिहून घेतलं. गाडीचा तळ वितळून गेला होता, त्यात दुसरं काही शोधायला उरलं नव्हतं. कारण म्हणून तीच वायर कागदावर लागली.

सूर्यभान तेव्हा खाटेशेजारी डब्याचं झाकण हातात धरून उभा होता. तळ वितळला हे ऐकून त्याला आधी हायसं वाटलं. ते वाटलं याची लाज त्याला नंतर वाटली, आणि ती गेली नाही.

त्याच आठवड्यात महारुद्रचा फोन आला. "उस्ताद, तुमी मला इचारलं व्हतं ती हीच गाडी का?"

"न्हाई. ती दुसरी."

"बरं," महारुद्र म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही.

"माझ्या हातानं सुनेची गाडी जाळली मी," आश्रुबा रोज म्हणायचे. "मलाच कळलं पायजे व्हतं. सगळं ठावं असून लावली वायर."

"तुझा काय दोष त्याच्यात," सूर्यभान म्हणायचा. यापुढचं वाक्य त्याला बोलता येत नव्हतं.

दवाखान्यातून सुटल्यावर आश्रुबा घरी चार दिवस राहिले आणि वालूरला थोरल्या बहिणीकडं, चतुराबाईकडं निघून गेले. महिनाभर राहून येतो म्हणाले. संक्रांत झाली, शिवरात्र झाली, ते आले नाहीत.

फाल्गुनात एका सकाळी राजेश्रीबाई दुकानात आल्या. आता त्या बसनं जायच्या. बसला वेळ होता म्हणून बाकड्यावर बसल्या.

"काका, तुम्ही एकदा आबांना आणायला जा ना. मी दोनदा गेले, हे पण गेले. येत नाहीत. आत्या म्हणतात, पंख्याचं बटन सुद्धा दाबत नाहीत, दुसऱ्याला दाबायला लावतात. तुमचं ऐकतील ते."

सूर्यभाननं हातातला पाना खाली ठेवला. तो उभाच राहिला आणि उभ्यानं त्यानं सगळं सांगितलं. जॅक, पोचा, महारुद्रचा फोन, बाईंनी सूचनेबद्दल विचारलं तो दिवस. सांगताना त्यानं कुठं स्वतःची बाजू घेतली नाही. बाई ऐकत होत्या. त्यांची बस येऊन उभी राहिली, भरली आणि गेली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," बाई शेवटी म्हणाल्या. "इथंच. याच जागेवर."

"व्हय बाई."

"तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी गाडी परभणीला लावली असती. रागावले सुद्धा नसते काका. पंक्चर काढताना झालं, असं म्हणाले असते." त्या उठल्या. "मला सांगून काय उपयोग? आबांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान वालूरला गेला. परभणीला गाडी बदलली, सेलूला बदलली, दुपारी पोचला. आश्रुबा चतुराबाईच्या दारात लिंबाखाली बसले होते. उजव्या हाताची बोटं आखडली होती. सूर्यभानला पाहून त्यांनी डाव्या हातानं बाज सरकवली. चतुराबाईनं पाणी दिलं आणि ती आत गेली.

सूर्यभाननं इथंही तसंच, एका दमात सांगितलं.

समोरच्या रस्त्यानं शेळ्यांचा कळप गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत आश्रुबा तिकडं पाहत होते.

"कव्हा कळलं व्हतं तुला?" त्यांनी विचारलं.

"जॅक काढला तव्हाच. आन् फोन केल्यावर पक्कं कळलं."

"म्हंजी मी दवाखान्यात व्हतो तव्हा तुला ठावं व्हतं."

"व्हतं."

"रोज यायचास तू."

"यायचो."

"रोज यायचास," आश्रुबा पुन्हा म्हणाले. "भाकर मोडून द्यायचास. मी रोज तुझ्यापशी तेच रडायचो आन् तू ऐकून घ्यायचास." त्यांचा आवाज चढला नव्हता. "गाडीचं मनाला लावून घेऊ नको. चूक माणसाकडूनच व्हती. वायर मीबी चुकीचीच लावली व्हती. पण चार म्हैने मी माझ्या घरात पाय ठेवू शकलो न्हाई, ते काय गाडीमुळं न्हाई सूर्यभान."

"चल घरी," सूर्यभान म्हणाला. "माझ्यावर राग ठेव, पण घरी चल."

"येईन. माझा मी येईन."

आश्रुबा आठ दिवसांनी आले. हरिओमसोबत आले. बाईंनी पुढं जूनमध्ये दुसरी गाडी घेतली, तीही बॅटरीवरचीच. पंक्चर झालं तरी त्या परभणीच्या वर्कशॉपला फोन करतात आणि महारुद्र येऊन जातो. तो दुकानासमोरून जाताना मान हलवतो, थांबत नाही.

आश्रुबा आता पंख्याचं बटन दाबतात, गाडीही पुसतात, डाव्या हातानं. बाजारात सूर्यभान भेटला तर "बरं हाय का" विचारतात आणि पुढं जातात. सूर्यभानही "बरं हाय" म्हणतो. चहाला थांब म्हणावं असं त्याला दर वेळी वाटतं, पण तो म्हणत नाही, कारण आश्रुबा थांबणार नाहीत हे दोघांनाही माहीत आहे.