झाकणोबाचा निकाल

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. गोजरबाई त्या कामावर होती. तिचा हातोडा बेताचाच चालायचा, पण जीभ अशी चालायची की टोळीतल्या बायांना ऊन लागायचं नाही. ती गोष्ट सांगायची आणि तिच्या सुरावर बाया दगड फोडायच्या. मुकादम आबासाहेब हे बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण संध्याकाळी खडीचा सगळ्यात मोठा ढीग तिच्याच टोळीचा असायचा.

त्या उन्हाळ्यात तिनं फुंकरपूरची गोष्ट लावली होती. फुंकरपूर हा मुलूखच अजब. तिथल्या म्हशी निळं दूध द्यायच्या. झाडं दुपारची उठून घरांच्या सावलीला जाऊन बसायची. आणि ढग दावणीला बांधलेले असायचे. ज्याला पाऊस हवा त्यानं आपला ढग सोडायचा, रानात न्यायचा आणि पिळून घ्यायचा. ढगांची गोष्ट ऐकून बाया दिवसभर नुसत्या उसासे टाकत होत्या.

मग एका सकाळी पुढचं काही सुचेना म्हणून गोजरबाईनं तिथं एक देव घातला. झाकणोबा त्याचं नाव. राजवाड्यासमोरच्या भल्यामोठ्या रांजणात तो राहतो. रांजणावर झाकण. ते उघडायचं नाही हा त्याचा एकच नेम, त्यामुळं त्याला कुणी कधी पाहिलेलं नाही. अर्धं फुंकरपूर त्याला भजतं, ते झाकणकरी. उरलेले म्हणतात रांजण रिकामा आहे, ते उघडकरी.

एवढं सांगून गोजरबाई पाणी प्यायला उठली. परत येते तो टोळीत दोन तट पडलेले.

"रिकामाच हाय," छबूबाई म्हणत होती. छबूबाई म्हणजे फाटक्या तोंडाची बाई. "आत कुनी असतं तर आजवर एकदा तरी शिंकलं असतं."

"जीभ झडंल तुजी!" आक्काबाई म्हणाली. ती टोळीत सगळ्यांत थोरली आणि भाविक. शेंदराचा ठिपका नसला तरी गोल दगड दिसला की हात जोडायची, आणि खडीच्या कामावर ही फार मोठी अडचण होती. "देव शिंकतोय व्हय? गोजरे, सांग गं हिला."

"पुढं येतंय त्ये," गोजरबाई म्हणाली. पुढं काय येतंय ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात आक्काबाईची शेळी हरवली. तिनं गावातल्या सगळ्या देवांना साकडं घातलं, आणि कुणीच दाद देईना तेव्हा झाकणोबाला नवस बोलली. सकाळी शेळी दारात हजर.

"शेळी माज्या छपरात कडबा खात हुती!" छबूबाई कामावर येऊन ओरडली. "म्या खराटा हानला म्हनून आली घरी!"

"व्हय, पन खराटा हानायची बुद्धी तुला कुनी दिली?"

छबूबाईनं आक्काबाईची खडीची पाटीच पालथी केली. मग काय विचारता! झाकणकरी बायांनी आपल्या कळशीवर ताटली झाकली. उघडकरी बायांनी मुद्दाम उघडी ठेवली आणि आत पडलेल्या धुळीसकट पाणी मोठ्या अभिमानानं प्यायल्या. हातोडे जमिनीवर आणि हात हवेत.

आबासाहेबांनी गोजरबाईला बाभळीखाली बोलावून घेतलं.

"ह्यो तुजा झाकणोबा हाय का न्हाई?"

"म्हंजी फुंकरपुरात?"

"फुंकरपुरातच गं! इथलं कोन इचारतंय?"

"मला न्हाई ठावं, मुकादम."

"अगं, रचलास तर तूच ना त्येला?"

"भाकरी मीच थापती. म्हनून काय ती खोटी असती व्हय?"

आबासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "ते काय बी असू दे. उद्या दुपारच्या सुट्टीत झाकण उघड आन् निकाल लाव. वरचं साहेब यायचं हायेत. त्यास्नी काय सांगू, धर्मयुद्ध चाललंय म्हनून?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्काबाई हुलग्याची शेंगोळी घेऊन आली. "सहज केली हुती," म्हणाली. मागोमाग छबूबाईनं तंबाखूची पुडी पुढं केली, तीही सहजच. गोजरबाईनं दोन्ही ठेवून घेतलं. पण निकाल काही ठरेना. रांजण रिकामा म्हणावं तर आक्काबाईचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा. शेळी सापडल्यापेक्षा आपलं गाऱ्हाणं कुणीतरी ऐकलं, याचाच त्या बाईला जास्त आनंद झाला होता. देव आहे म्हणावं तर छबूबाई. तिनं नवऱ्याच्या दुखण्यात झाडून सगळे देव पुजले होते आणि एकानंही मान वर करून बघितलं नव्हतं.

दुपारी कामावरची सगळी माणसं गोळा झाली. टँकरचा ड्रायव्हर कारभारी, तोही खाली उतरून चाकाला टेकून बसला. आबासाहेब पाठ करून बसले होते, पण कान इकडंच.

गोजरबाई सांगू लागली. फुंकरपूरचा राजा शिडी चढला. एकीकडं झाकणकरी रडतायत, दुसरीकडं उघडकरी शिट्ट्या मारतायत. राजानं झाकणाला हात घातला. झाकण उचललं.

"आन् आत..." गोजरबाई म्हणाली आणि थांबली. तिनं मनातल्या मनात खरोखरच रांजणात वाकून बघितलं. आत काळोख होता. तिला काही म्हणजे काही दिसेना.

"आत काय?" आबासाहेब पाठमोरेच ओरडले.

"आतनं आवाज आला," गोजरबाई म्हणाली, आणि पुढचे शब्द तिच्या तोंडातून आपसूक पडले, "'अरं झाक की मुडद्या! डोळ्यावर ऊन येतंय!'"

मग असा हशा उसळला की बाभळीवरचे कावळे उडाले. आक्काबाई हसताहसता रडायला लागली. "हाय गं बाई! माजा झाकणोबा हाय!"

छबूबाईही पदर तोंडात कोंबून हसत होती. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले. "पन दिसला का? राजाचा एखादा कामचुकार गडी आत झोपला असंल."

"तर काय! ऊन गड्याला लागतं, देवाला कसलं?" कारभारी म्हणाला आणि बसल्या जागी उघडकरी झाला.

आबासाहेब ताडकन उठले. आता हे सगळ्यांना फैलावर घेणार म्हणून बायांनी माना खाली घातल्या. "अरं, जरा डोकं चालवा!" ते गरजले. "राजाला मुडद्या म्हनला त्यो! कंच्या गड्याची छाती हाय? देवच हाय त्यो!"

थोड्या वेळानं साहेबांची जीप आली तेव्हा मुकादम, हातातली टोपी आपटत, कारभारीला झाकणोबाचा महिमा पटवून देत होते.

पुढं पाऊसपाणी झालं, कामं बंद पडली, बाया आपापल्या गावी पांगल्या. वर्षभरानं गोजरबाई लेकीकडं काष्टीला गेली होती, तेव्हा बाजारात एका कुंभारणीकडं मडकं घ्यायला थांबली. केशरबाई नावाची ती कुंभारीण मडक्याबरोबर झाकणही घ्याच म्हणून हटून बसली.

"उघडं मडकं मी इकत न्हाई. झाकणोबाचा कोप हुतो."

गोजरबाईच्या हातातलं मडकं पडता पडता राहिलं. "कोन झाकणोबा?"

"कंच्या गावच्या तुमी? लई जागृत देव हाय. माज्या सासूच्या म्हायेरचा, पिढ्यान्पिढ्याचा. त्यो ऱ्हातो रांजणात, आन् बायकू उतरंडीत."

"बायकू?"

"उतरंडाई. लई तापट हाय. तिच्यामुळंच त्यो भाईर येत न्हाई."

गोजरबाई मडक्यांच्या राशीशेजारी मटकन खाली बसली. लग्न झालं, संसार थाटला, आणि आपल्याला कुणी अक्षता टाकायलाही बोलावलं नाही! तिला राग आला आणि हसूही आलं. मग तिनं पदर सावरला आणि केशरबाईच्या जवळ सरकून हळूच विचारलं,

"पोरंबाळं किती हायेत?"