पडद्याआडचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. भोरच्या पेठेत चिमाजीच्या दुकानामागे एक पडवी आहे, तिथं मी पडून असतो. माझ्यावर कांद्याच्या पाट्या ठेवतात आणि माझ्याखाली एक कोंबडी अंडी घालते. मात्र एके काळी गावातली मोठमोठी माणसं रविवारी सकाळी माझ्यावर बसायला धडपडत. त्यातल्याच एका रविवारी मी असं काही पाहिलं, की त्याचा धक्का माझ्या लाकडातून अजून गेलेला नाही.

वेल्ह्याकडच्या रानात जांभळीचं एक झाड होतं. सोनबा सुतारानं त्याच्यातून मला घडवलं. त्या सुमारास भाटघरचं नवं धरण बांधलं जात होतं आणि भोरमध्ये माणसांची ये-जा वाढली होती. ते पाहून भोंगवलीचा चिमाजी शेती भावावर सोपवून गावात आला आणि त्यानं चहा-भज्यांचं दुकान काढलं. भजी त्याची बायको ठकुबाई तळायची. तिच्या कांदाभज्यांचा वास नदीपर्यंत जातो, असं लोक म्हणत.

दुकानात दोन बाक होते. एक पुढं ओट्यावर, गाडीवानांसाठी. दुसरा मी, आत, गोणपाटाच्या पडद्याआड. हा पडदा कशाला, ते तुम्हांला सांगायला हवं. त्या काळी ब्राह्मणांच्या घरी कांदा शिजत नसे आणि दुसऱ्या जातीच्या माणसानं शिजवलेलं खाणं म्हणजे मोठा बाट. पण रविवारी कचेरीला सुट्टी असे. न्याहारीला उशीर झालेला आणि जेवणाला अजून अवकाश, अशा वेळी कारकून मंडळी देवळात जातो म्हणून घरून निघत आणि मागच्या बोळातून हळूच आत येत. पळसाच्या पानावरची गरम भजी, त्यावर मीठ लावलेली मिरची, मग चहा. पुण्यातसुद्धा रविवार असा जात नाही, असं म्हणत ते माझ्यावर थाप मारत. मला फार अभिमान वाटे.

त्यांत केशवराव कधी चुकत नसत. कचेरीत त्यांना मान होता. थोरले भाऊ वारल्यापासून घरही तेच चालवत. घरात त्यांची विधवा भावजय अंबूबाई होती. तिचा तरणा मुलगा आदल्या वर्षी तापानं गेला होता. त्याची बायको कुंदा जेमतेम सतरा वर्षांची.

एका रविवारी केशवराव मित्रांना सांगू लागले, की त्यांच्या मुलीला, सरोजला, चांगलं स्थळ आलंय, पण मुलाकडचे जुन्या वळणाचे आहेत. घरातल्या विधवा सुनेच्या डोक्यावर अजून केस कसे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा आता येत्या बुधवारी न्हावी बोलावलाय. हे सांगताना त्यांनी भजं मोडून तोंडात टाकलं. मित्रांनी माना हलवल्या. एकानं आणखी चटणी मागितली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. पण मीही हादरलो. नवरा गेला म्हणून त्या काळी बायकांचं डोकं भादरत आणि जन्मभर भादरलेलंच ठेवत. अंबूबाईचंही तसंच झालं होतं.

हे बोलणं संपलं असेल-नसेल, तोच पडदा बाजूला झाला. मागच्या दारानं नाही, पुढून, साऱ्या पेठेदेखत, विधवेचं लाल आलवण नेसलेली अंबूबाई आत आली.

त्या दुकानात तोवर गिऱ्हाईक म्हणून एकही बाई आली नव्हती, आणि ही तर सोवळी बाई. एका कारकुनाचा घास हातातच राहिला. केशवराव अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. चिमाजी धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "काकू, तुमी हितं? काय पायजेल ते घरी धाडतो. हितं बसू नगा."

अंबूबाई बसली. माझ्याच एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला तिचे दीर. तिचं अंग इतकं थरथरत होतं की माझे पायही जमिनीवर वाजू लागले.

"कांद्याची भजी द्या," ती म्हणाली. "भाऊजींना देता तीच. दर रविवारी त्यांच्या उपरण्याला वास येतो, ती."

चिमाजीनं केशवरावांकडे पाहिलं. केशवराव खाली बघत होते. तेवढ्यात ठकुबाईनं कुणालाही न विचारता पान भरून आणलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

अंबूबाईनं पहिलं भजं तोंडात घातलं. आमच्या डोळ्यांदेखत तिचं साऱ्या जन्माचं सोवळं एका घासात मोडत होतं. घास गिळवेना. तिनं डोळे मिटले आणि पाण्याबरोबर तो गिळला. मग दुसरा. पडदा उघडाच होता आणि पुढच्या ओट्यावर गर्दी जमली होती. पान संपेपर्यंत कुणी हललं नाही.

मग ती दिराकडे वळून शांतपणे म्हणाली, "भाऊजी, आपल्या घरचं सोवळं माझ्या हातात होतं. ते आज मी इथं संपवलं. मला वाळीत टाका. पण आपण दोघं एका बाकावर बसून जेवलो, हे सगळ्यांनी पाहिलंय. आता कुंदाच्या डोक्याला हात लावून घर शुद्ध होणार असेल, तर बोलवा न्हावी."

केशवराव उठले आणि मागच्या दारानं निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचेही.

अंबूबाई उठली ती मागच्या अंगणात गेली आणि ओकली. खाल्लेलं सगळं बाहेर आलं. ठकुबाईनं तिचं कपाळ घट्ट धरून ठेवलं होतं. शिवाशिव दोघींच्याही ध्यानात राहिली नाही.

"जमत न्हाई तर कशापायी खाल्लं, काकू?" ठकुबाईनं विचारलं.

अंबूबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती म्हणाली, "तिचे केस रोज मी विंचरते गं."

बुधवारी न्हावी आला नाही. पण गोष्ट इथं गोड झाली, असं समजू नका. सरोजचं ते स्थळ मोडलं, आणि पुढं तिचं लग्न दुसरीकडे झालं तरी ती काकूशी फार दिवस बोलली नाही. केशवरावांनी चूल वेगळी केली. नदीवर अंबूबाई दिसली की बायका घागरी उचलून वरच्या अंगाला जात. कुणाच्या घरचं बोलावणं तिला पुन्हा आलं नाही. एकदा बाजाराला आली असताना तिनं ठकुबाईला सांगितलं, की रात्री कधी कधी आपण काय करून बसलो या विचारानं ती दचकून उठते, मग हात लांब करून शेजारी झोपलेल्या कुंदाची वेणी चाचपते आणि पुन्हा निजते.

कुंदा तिच्याजवळ राहूनच लिहायला-वाचायला शिकली, पुण्याला जाऊन मास्तरीण झाली आणि सासूला आपल्याकडे घेऊन गेली. अंबूबाई तिच्याच मांडीवर गेली, असं ठकुबाई सांगायची.

माझ्यावर मात्र त्या दिवसानंतर कुणी बसेना. बाटलेला बाक म्हणून कारकून मला टाळू लागले. गंमत बघा, त्याआधी इतके रविवार मी बाटलेला नव्हतो! पुढं काळ बदलला. पडदा निघाला, लोखंडी खुर्च्या आल्या. आता मोटारीनं आलेले बायका-पुरुष शेजारी शेजारी बसून भजी खातात आणि कुणी वळूनही बघत नाही.

तुम्हांला वाटेल, हा म्हातारा बाक आता सांगणार की जुन्या वस्तू जपा. जपलंत तर बरंच वाटेल मला. एखादा खिळा ठोकलात, थोडं तेल लावलंत, तर मी अजून कुणाला तरी बसवू शकेन. पण जुनं म्हणून सगळंच जपा, असं मी स्वतः जुना असूनही म्हणणार नाही.

आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात मोठी माणसं बसून कुणा एकीचं काही ठरवत असतील आणि ती तिथं नसेल, तर तुम्ही लहान असलात तरी एवढंच विचारा, "तिला विचारलंत का?" त्या रविवारी माझ्यावर शिकलेली, मानाची माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्यांतल्या एकानंही ते विचारलं नव्हतं.