बत्ती आल्याची खूण

माझ्या लेकीचं, शर्मिष्ठेचं लग्न लावून दिलं ते साल १९९६. वैशाखात वरात गेली आणि पुढच्याच आठवड्यात माणिकनं लखनौच्या लाटूश रोडवरनं बिजलीवर चालणारी करवत आणली. हातात धरून चालवायची, गोल पात्याची.

माणिक माझा धाकटा भाऊ. मी लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या ठाण्यात सुतारकी करून रिटायर झालो, तिथंच रस्त्याकडेला थोडी जमीन घेतली आणि कवठेमहांकाळच्या माळावरनं त्याला, त्याच्या बायकोला चंद्रप्रभेला आणि लेकराला बोलावून घेतलं. हिवाळ्यात गहू, उन्हाळ्यात मलिहाबादच्या बागांना आंब्याच्या पेट्या. दशहरी आंबा एकदा उतरायला लागला की बागवाला पेट्यांसाठी दारात येऊन बसतो. फळ काही पेटीची वाट बघत थांबत नाही.

नवी करवत पहिले दोन दिवस कुणाच्या हाताला लागेना. माणिक अंगातल्या जोरानं ढकलायचा, मग पातं फळीत आवळून बसायचं आणि सगळं धूड उसळी मारून मागं यायचं. चंद्रप्रभा लांबनं बघायची. दुकानात ती त्याच्याबरोबर गेली होती, आणि दुकानदार सांगत असताना माणिक बाहेर पान खात उभा होता. ऐकलं ते हिनं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, जरा मला द्या बघू. ढकलायचं न्हवं तिला. ती आपल्या चालीनं जाती, आपण नुसतं संगं जायचं."

"आता तू शिकिव मला," माणिक म्हणाला, पण दिली.

तिनं पदर खोचला. फळी दोन लोखंडी शिकंज्यांत आवळली. पातं फळीखाली बोटाच्या पेराहून जास्त डोकावणार नाही इतकंच खाली सोडलं. वायर खांद्यावरनं मागं टाकली. मग करवत पुरी फिरू दिली आणि फळीला टेकवली. सुरीनं लोणी कापावं तशी फळी निघाली. मी चाळीस वर्षं करवत ओढलेला माणूस. कड बोटानं चाचपून बघितली आणि पुढची फळी तिच्याकडं सरकवली.

तेव्हापासून कापायचं काम तिचं झालं. आजूबाजूचे लोक बघायला यायला लागले. टेम्पोवाला मोहन तर दर खेपेला म्हणायचा, "माणिक भैया, मिस्त्री तो भाभीजी हैं, आप तो बस कील ठोकिए."

माणिक हसायचा. दात दिसायचे, बाकी तोंड हसायचं नाही.

तिचे नेम होते. पात्याला हात लावायचा तर आधी प्लग काढायचा. प्लग होता ट्यूबवेलच्या खोलीत, पेट्या करायच्या शेडापासून चांगला पन्नास पावलं. ती दर वेळी चालत जायची, काढायची, आणि मग परत येऊन बसायची. पात्याखाली एक लोखंडी गार्ड असतो, फळी संपली की आपसूक फिरून दात झाकतो. युकेलिप्टसच्या ओल्या लाकडाचा चीक त्यात बसायचा आणि गार्ड अर्ध्यातच अडकायचा. ती जुन्या दातघासणीनं, मिट्टीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं, तो साफ करायची. दिवसातनं तीन तीन वेळा.

"देवपूजा चाललीया," माणिक म्हणायचा. "आरती कवा?"

आणि मग बत्तीचं, म्हणजे लायटीचं दुखणं. त्या जूनमध्ये बत्ती सकाळी जायची ती कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. आली तर तास-दीड तास. आम्ही शेतात नाहीतर झाडाखाली, आणि उन्हात बल्ब लागलेला दिसत नाही. दोनदा बत्ती येऊन गेली आणि आम्हाला पत्ता नाही. बागवाल्यानं शिव्या घातल्या.

युक्ती मी काढली. ती माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. करवतीच्या मुठीला बंदुकीसारखा घोडा असतो, दाबला की पातं फिरतं; तो दाबून बाजूची गुंडी दाबली की घोडा दाबलेलाच राहतो. मी म्हणालो, "गुंडी दाबून ठेवा, प्लग लावलेला असू द्या. बत्ती आली की आपोआप ओरडंल. चार शेतं पल्याड ऐकू यील."

माणिक खूश झाला. चंद्रप्रभा माझ्यासमोर सहसा तोंड उघडायची नाही. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "भाऊजी, अशी सोडून द्यायची व्हय तिला? ती काय कोंबडं हाय, आरवायला?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

"न्हाय, खरंच सांगती. पालथी पडली, उलथली तर पळंल ती. दुकानवाल्यानं शपथ घालून सांगितलंया."

"दुकानवाला तुझा कोण लागतो गं?" माणिक म्हणाला.

पूर्वा, त्यांची चौदा वर्षांची लेक, करवत आणताना दुकानात आईबरोबर होती; तिला मराठी समजायचं पण बोलायची हिंदीतच. ती म्हणाली, "ताऊजी, मम्मी ठीक कह रही हैं. अंकल ने यही बोला था."

"तू गप. आत जा," माणिक खेकसला.

तरी चंद्रप्रभा प्लग काढायची. माणिक लावायचा, ही काढायची. एकदा मोहनसमोर त्यानं तिच्या हातातनं प्लग हिसकला. "मोहन भैया, बताओ, इस घर में मर्द कौन है? एक मैं हूँ, और एक ये मास्टरनी." मोहन वायरीकडं बघत राहिला. गार्ड अडकतो म्हणून माणिकनं तोही तारेनं मागं बांधून टाकला. "घ्या. आता घासायची कटकट मिटली."

संध्याकाळी ती माझ्याकडं आली. दाराबाहेरच उभी राहिली.

"भाऊजी, कापायचं काम काढून घ्या माझ्याकडनं. खिळे ठोकीन, पेट्या उचलीन. पर जवर कापती मी, तवर पलग माझ्या हातात राहू द्या. तुमी सांगितलं तर ते ऐकतील. दुसरं काय मागत न्हाय."

ती एवढंच मागत होती. मी थोरला होतो, माणिकनं माझं ऐकलं असतं. मी म्हणालो, "चार दिवसांचा हंगाम हाय. त्यो म्हणतो तसं कर. घरात नवराबायकोचं भांडण चव्हाट्यावर कशाला?"

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

गुरुवारी सकाळी सातला बत्ती गेली. तिनं प्लग काढला होता. माणिकनं मला हाताला धरून खोलीपर्यंत नेलं आणि माझ्यादेखत लावला. "दादा, तू साक्षीला. आता ही काढती का बघू. हात मोडून ठेवीन." मोठ्यानं म्हणाला, तिला ऐकू जाईल असं. गुंडी दाबलेली करवत फळ्यांच्या थप्पीवर ठेवली होती, गार्ड तारेत.

तिनं काढला नाही. पण सकाळभर ती त्या थप्पीच्या आसपास फिरकली नाही. मोहन पेट्या भरायला आला होता, टेम्पो निम्मा भरला होता. लू सुटली होती, तिकडचा तापलेला वारा, फुफाटा डोळ्यांत जात होता. आम्ही तिघं झाडाखाली बसलो.

"चहा टाक गं," माणिक ओरडला.

"जळण संपलंय. पूर्वाला धाडलंय गोवऱ्या आणाया."

"शेडात ढीगभर ढलप्या पडल्यात, त्या दिसत न्हाईत व्हय?"

ढलप्या थप्पीच्या पायाशी होत्या. ती उठली. करवतीकडं एकदा बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. आम्ही झाडाखालीच बसून राहिलो. ती उकिडवी बसून पदराच्या ओट्यात ढलप्या भरायला लागली.

तेवढ्यात बत्ती आली.

करवत ओरडली. दात फळीत रुतले आणि ती थप्पीवरनं सरळ धावत सुटली, कडेवरनं खाली आली ती तिच्या मांडीवर. माणिक उभाच राहिला. फिरणाऱ्या पात्याजवळ जायची कुणाची छाती होईना. मी प्लगकडं पळालो. पन्नास पावलं. माझं वय त्या वेळी एकसष्ट होतं.

परत आलो तेव्हा भुसा सगळा लाल झाला होता. मी तिचाच पदर फाडून मांडी आवळली, थांबेना. पूर्वा गोवऱ्या टाकून धावत आली.

"टेम्पो खाली करो!" मी ओरडलो.

मोहन पेट्या दोन्ही हातांनी बाहेर भिरकावायला लागला. आणि माणिक म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलं, "ज़रा धीरे. पेटियाँ खुल जाएँगी."

मोहननं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुढची पेटी आणखी जोरानं आपटली.

टेम्पोत तिचं डोकं पूर्वाच्या मांडीवर होतं. सीतापूर रोडला लागलो तेव्हा तिनं डोळे उघडले.

"भाऊजी, पलग काढला का?"

"काढला," मी म्हणालो.

"पूर्वाला जाऊ दिऊ नका तिकडं."

मडियांवच्या अलीकडं पूर्वा हाका मारायला लागली. पहिल्यांदा मी तिच्या तोंडून मराठी ऐकलं. "आई, अगं आई," म्हणत होती. मोहननं टेम्पो थांबवला नाही, पण वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा दरोगा आला. माणिकनं बयान दिलं. "साहब, लाख समझाया. औरत जात को मशीन का शौक था. प्लग लगा छोड़ देती थी." दरोगानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मृतका की अपनी असावधानी से हुई मौत.

"झूठ है," पूर्वा म्हणाली. "ताऊजी, बोलिए ना. आप बोलिए."

माणिक माझ्याकडं बघत होता. त्याच्यामागं शेडात कापायच्या फळ्या पडल्या होत्या. बागवाला फाटकात उभा होता.

"यही हुआ था?" दरोगानं मला विचारलं.

"जी," मी म्हणालो.

त्यानं अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला. मी म्हणालो, सही येते. पन्नाशीनंतर हवाई दलाच्या ठाण्यातल्या प्रौढांच्या वर्गात शिकलो होतो. एकेक अक्षर जपून काढलं. दरोगा म्हणाला, "अच्छा, पढ़े-लिखे हो." पूर्वानं त्यानंतर मला कधी हाक मारली नाही.

तेराव्याच्या आधीच शेडात करवत सुरू झाली. पेट्या वेळेवर गेल्या.

माझी भावजय चंद्रप्रभा माणिक पांचाळ, वय छत्तीस, गुरुवार, २० जून १९९६ रोजी दुपारी सीतापूर रोडवर टेम्पोत मरण पावली. तिची चूक नव्हती.